बाहीची किनार

"काल एकच लेकरू होतं, निल्दा. आज पाठीवर दुसरं कुठून आलं?" पालिकेचा कारकून डॉन रुफिनो बसथांब्यावर वाट अडवून उभा होता.

"हे जरा जास्त रडतं," निल्दा म्हणाली आणि कडेवरच्या लुसला घट्ट धरलं.

पाठीवरच्या रंगीत कापडात पोर नव्हतंच. संगणकातले फोटो साठवायची डिस्कची पेटी होती. गेल्या वर्षी खाणीखालच्या वस्तीतल्या एकसष्ट मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं, त्याचे फोटो त्या पेटीत. तपासणारी नर्स बदलून गेली, पुरावा म्हणून उरले ते हे फोटोच. इंटरनेट फक्त पालिकेत, म्हणून पेटी तिथे ठेवलेली. सोमवारी बघितलं तर कोरी. वीज चमकली, असं रुफिनो सांगत होता. विजेने पेटी जळेल. पण ती नव्या कोऱ्यासारखी 'पासवर्ड ठरवा' म्हणत होती. निल्दाने त्याच क्षणी तार उपटली. शुक्रवारी खाणीविरुद्धच्या दाव्यासाठी न्यायाधीश येणार होते.

"दे इकडे. चालू करून नवे कागद भरून देतो."

"तेच करायचं नाही. नवं भरलं की खालचं मिटतं."

"पालिकेची वस्तू आहे ती."

"खोली पालिकेची. पेटी आम्ही आयांनी रविवारी मक्याचे तामाल विकून घेतली. चार तुम्हीही खाल्लेत."

बस आली. हुआनकायो शहरापर्यंत प्रत्येक वळणावर ती लुसचं कपाळ चाचपत राहिली. लुसचा आकडा वस्तीत वरून दुसरा होता. तो आकडाच नाहीसा झाला, तर उद्या कुणी म्हणेल, पोरगी जन्मतःच मंद.

तिथल्या संगणक दुरुस्तीवाल्या सोराईदाने आधी एकच विचारलं, "नंतर कुणी चालू केली?"

"नाही."

"मग वाचलीस. कुणीतरी नुसती अनुक्रमणिका फाडलीय, पानं आत आहेत." तिने डिस्कची हुबेहूब नक्कल करून घेतली आणि मूळ पेटीला हात न लावता नकलेतच शोधलं. बुधवारी संध्याकाळी एकसष्ट फोटो निघाले. नावांची यादी मात्र निघाली नाही.

पोरांचे बाप खाणीत कामाला, कुणाची नोकरी जायला नको, म्हणून चेहरे आणि नावं फोटोत नकोत, यादी वेगळी ठेवू, असं निल्दानेच सुचवलं होतं. आणि ठेवली कुठे, तर त्याच पेटीत. आता प्रत्येक फोटोत टोचलेलं बोट, स्वेटरची बाही आणि यंत्रावरचा आकडा. बस्स.

गुरुवारी तिने छापलेले फोटो आयांच्या सामायिक स्वयंपाकघरात, सोललेल्या बटाट्यांच्या बाजूला मांडले. रुफिनो डोकावलाच. "आकडे आले, पोरं कुठायत?"

म्हाताऱ्या सातुर्निनाने एक फोटो उचलून खिडकीशी नेला. "हा माझा नातू."

"बोटावरून ओळखलंस, आजी?" निल्दाने विचारलं.

"बोट कशाला? बाही माझी आहे. मनगटाशी एक टाका उलटा सोडते मी, आईने शिकवला तसा."

मग हात पुसत एकेक जण पुढे आली. ही निळी माझी, ही उसवून पुन्हा विणलेली माझ्या जावेची. निल्दा लुसचा फोटो शोधत होती, तोवर दोघींनी तो तिच्यासमोर टाकला. "ही तुझी. इतकी वाकडी किनार दुसरं कोण विणणार?" ती हसली, आणि डोळे पुसायला तिला तीच बाही मिळाली, लुस ती अजून घालत होती.

"नवी यादी करू?" तिने विचारलं.

"यादी नको आता," सातुर्निना म्हणाली. "लपवून काय वाचलं? फोटोवरच लिही."

एकीचा नवरा खाणीत तिसऱ्या पाळीला होता. तरी तिने पेन मागून घेतलं.

तीन बाह्या कुणालाच ओळखता आल्या नाहीत, दुकानच्या असाव्यात. ते फोटो नावाविनाच गठ्ठ्यात वर ठेवले.

"न्यायाधीशांपुढे एवढी नावं," रुफिनो दारातून म्हणाला. "विचार करा, बायांनो."

निल्दाने मान वर केली नाही. "केलाय, डॉन रुफिनो. म्हणून तर मोठ्या अक्षरात लिहितेय."