त्यावर फक्त लिहायचंय

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की आतल्या माणसाला आधी ओरडून सांगायचं, दाराला हात लावू नका. मग मेन बंद. बाकीचं सगळं त्यानंतर.

*

निजलेल्या माणसाच्या पोटावर किती वजन चालतं? उशी चालते. मेव्हणीचा मोठा लॅपटॉप चालत नाही.

*

मोबाइलच्या काचेवर बोट टेकलं की नाही, ते बोटालाच कळत नाही. औषधांनी शेंडे बधिर केलेत. खरं बटण हवं, दाबलं की खाली जाणारं.

*

"लिनक्स," दुकानदार म्हणाला. लिफ्टवाल्याला ते कुठल्यातरी मलमाचं नाव वाटलं.

घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी त्याच्या बायकोचं स्वरयंत्रही काढलं होतं. तिची उभी हयात कचेरीत मराठी टायपिंग करण्यात गेलेली. बटणांवर बोटं न बघता चालायची. माळ्यावर तिचं जुनं नेटबुक होतं, पोटावर मावेल एवढंसं. पण ते सुरू होईपर्यंत तिचा डोळा लागायचा. म्हणून लिफ्टवाला ते काखोटीला मारून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला होता.

"विंडोज काढून ही टाकायची. लिनक्सच्या जाती पुष्कळ," दुकानदार नेटबुक थोपटत म्हणाला. "तुमच्या या म्हातारीला झेपेल अशी हलकी बघू."

पहिली देखणी होती, पण माउस हलवला की बाण रेंगाळत मागून यायचा. दुसरीनं प्रोसेसर जुना आहे म्हणून दारातूनच परत पाठवलं. तिसरी अख्खी पेनड्राइव्हवर मावणारी. तिच्यात मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसले. दुकानदारानं फॉन्ट टाकला, तेव्हा चौकोनांची अक्षरं झाली.

"ही सगळी मेमरीत जाऊन बसते, म्हणून पळते. मात्र लिहिलेलं जपते ते बंद करतानाच. 'ठेवू का' विचारेल, हो म्हणायचं. मधेच वीज तोडलीत तर पाटी कोरी. कळलं?"

"मला कळून काय उपयोग? बायकोला सांगतो. घरातलं सगळं तीच ठेवते."

घरी मेव्हणी खाटेशी बसली होती. "भावोजी, जन्मभर ताईला बोलू दिलं नाहीत, आणि आता यंत्र आणून देताय होय?"

बायको हसली. आवाज नव्हता, खांदे हलले. मग तिनं टायपलं: 'अहो, आधी दाढी करा.'

पुढे रोज चालू झालं. पाणी. खिडकी लावा. हिला सांगा, पाय नको दाबूस, दुखतात. बंद करताना 'हो' तीच म्हणायची.

एक दिवस डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं. आत आल्यावर त्याच्या तोंडाकडे बघूनच ती समजली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती टायपत होती. तो जवळ गेला की हातानं पडदा झाकायची.

"एवढं काय लिहितेस गं?"

तिनं कोपऱ्यात टायपून दाखवलं: 'झालं की देते. एकदाच सगळं वाचा.'

दुपारी तिला झोप लागली. नेटबुक पोटावर तसंच. वायर अंगावरून गेलेली, चार्जर चटका बसेल इतका तापलेला. लिफ्टवाल्यानं ते पाहिलं आणि जे जन्मभर केलं तेच केलं. माणूस अडकलेला असताना वीज चालू ठेवायची नाही. त्यानं प्लग उपसला.

नेटबुकची बॅटरी केव्हाच मेली होती. पडदा गपकन काळा झाला.

ती जागी झाली तेव्हा त्यानं वायर पुन्हा लावली होती. नेटबुक चटकन सुरू झालं, दुकानात व्हायचं तसं. आजचं पान रिकामं होतं. तिनं ते वर-खाली सरकवून पाहिलं.

"वायर तापली होती गं."

तिनं एकेक बटण शोधल्यासारखं दाबलं. 'काही विशेष नव्हतं.'

"पुन्हा लिही ना. थोडक्यात लिही हवं तर."

मग तिनं अजून एक ओळ लिहिली, 'दाढी वाढलीय तुमची,' आणि रीतसर बंद करून 'हो' म्हणाली. त्यानंतर ती उठून बसली नाही.

आता घरात तो एकटा असतो. दाढी करून झाली की नेटबुक उघडतो. ते लगेच उघडतं. शेवटच्या पानावरच्या त्या दोन ओळी वाचायला वेळ लागत नाही. बंद करताना ते विचारतं, ठेवू का. तो हो म्हणतो.

दुकानदारानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, नवी बॅटरी टाकू का? तो म्हणाला होता, "कशाला? खाटेशेजारीच प्लग आहे. त्यावर फक्त लिहायचंय."