रिबकाबाईंच्या दारावरचा मेझूझा

मित्रांनो, मी एक जुना मेझूझा आहे. नाव ऐकून हसू नका. पुण्यापासून दूरच्या उंद्री गावात सगळे आधी हसलेच होते. ज्यू घराच्या चौकटीला उजव्या हाताला ठोकतात ती सागाची डबी म्हणजे मी. माझ्या पोटात चामड्याची गुंडाळी आहे. तिच्यावर हिब्रूत ‘शेमा’ लिहिलेला आहे: ‘ऐक, इस्राएला! परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. त्याच्यावर सगळ्या मनाने, सगळ्या जिवाने प्रेम कर. हे शब्द मुलांना शिकव.’

रिबकाबाई नर्स. बदलीवर उंद्रीला आल्या आणि तिथल्याच झाल्या. रोज सकाळी आणि दिवेलागणीला डोळ्यांवर हात ठेवून त्या शेमा म्हणत. जाता-येता मला बोटं लावून ओठांना लावत.

“काऊन ओ बाई, डबीचे एवढे लाड?” शेजारच्या नजमुन्निसा विचारायच्या.

“डबीचे नाही वं, आतल्या शब्दाचे!”

काय रुबाब होता माझा तेव्हा!

मुलगा एझ्रा कडेवरून मला हात लावायचा. “शेमा पाठ कर,” बाई म्हणायच्या. “उद्या करतो.” तो उद्या काही उगवला नाही. पोरगा शिकला, पुण्याला गेला.

मग बाईंनी अंथरूण धरलं. शेवटच्या श्वासाला कानावर शेमा पडावा, एवढीच त्यांची इच्छा. एझ्रा धावत आला. आत शिरताना त्याने मला बोटं लावली, ओठांना लावली. सवय हो, दुसरं काय!

“एझ्रा, माहा दम पुरून नाही राह्यला. तू म्हण शेमा.”

त्याने फोनवर शेमा शोधायला घेतला. फोनला रेंज नाही. तसाच बाहेर आला, मला उपटलं, गुंडाळी उलगडली. शब्द सगळे जागच्या जागी होते, पण वाचता कुठे येत होतं!

“आई, हे कसं वाचू?”

“मी होती न इतके दिवस,” बाई म्हणाल्या. “काऊन नाही विचारलं बे?”

मग त्यांनीच सुरुवात केली. ‘प्रेम कर’पाशी श्वास संपला. एझ्रा ढसाढसा रडला. मला कीव नाही आली, संताप आला.

आता मी पुण्यात, त्याच्या काचेच्या कपाटात आहे. “आईची आठवण,” तो पाहुण्यांना सांगतो. त्याच्या दाराची चौकट मात्र उघडीबोडकी आहे, आणि शेमा त्याला आजही येत नाही.

मित्रांनो, तुमचा देव कोणताही असो. ज्याला रोज हात जोडता त्याचा अर्थ, आई बोलती आहे तोवर तिला विचारून घ्या. एझ्राने मला जन्मभर बोटं लावली, आणि माझ्या पोटातला पहिलाच शब्द आहे, ‘ऐक’.