शिंपल्यांची पहाट

"बाजारातला हिरवा नको आणूस, पोरी. हिरवा पेरायचा असतो."

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात सासऱ्यांनी, गॅब्रिएलबाबांनी, असं म्हणून फिलोमिनाच्या हातातली रंगाची पुडी काढून घेतली होती आणि खाटेखाली परातीत ओली नाचणी पेरली होती. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याभोवती ते कोवळं रान डुलायला लागलं, तेव्हा वसईची ही नवी सून बघतच राहिली होती.

गिरगावातल्या त्या वाडीत गोठा म्हणजे गॅब्रिएलबाबांचाच. पण मोतीबिंदूने त्यांना सगळं धुरकट दिसायला लागलं, तेव्हापासून हात फिलोमिनाचे आणि नाव बाबांचं. लोक वाहवा करत, बाबा आरामखुर्चीतून मान डोलवत. तिला लोकांचं काही नव्हतं. बाबांच्या तोंडचा एक शब्द हवा होता. ते नुसतं "बरं आहे" म्हणत.

यंदा ती हट्टालाच पेटली. वाडीतल्या पोरांनी भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवल्या होत्या. त्यांच्या डब्यात उरलेली काव तिने मागून आणली आणि बेथलेहेमची वाट तांबडी केली. गोठ्याची भिंत शेणामातीची, तळाशी नारळाची सोडणं उकळून काढलेलं तपकिरी पाणी फिरवलेलं, जशी खालून ओल चढत यावी. छपराला पेंढा, त्यावर झिजक्या केरसुणीच्या काड्या, पावसाळे खाऊन करड्या पडलेल्या. आणि आभाळासाठी?

"महिनाभर तिसऱ्याच खातोय," तिचा नवरा फ्रँक कुरकुरला. "आता पोटात भरती येईल माझ्या!"

"खा गुमान. शिंपले हवेत मला."

नाताळच्या संध्याकाळी शेजारचे मनमोहन मास्तर आले. शाळेत चित्रकला शिकवायचे. गोठ्यासमोर उकिडवे बसले. फिलोमिनाने आत पणती लावली आणि मागचं आभाळ जागं झालं. आधी दुधी, मग फिकट जांभळं, कडेकडेने जरासं गुलाबी.

"बाबा," मास्तर हळूच म्हणाले, "जन्मभर रंग कालवतोय, पण अशी पहाट नाही उतरली माझ्या हातून. कशाची केलीत?"

फ्रँक सांगायला पुढे झाला. करंज्यांसारख्या नेवऱ्यांचं ताट धरलेल्या फिलोमिनाने त्याला डोळ्यांनीच दटावलं. तिचा जीव गोळा होऊन बाबांच्या ओठांवर बसला होता.

बाबा चाचपडत उठले. बोटं पेंढ्यावरून उतरली, भिंतीवरून सरकली, मागे पोचली. खरखरीत कड, आत साईसारखा गुळगुळीतपणा. एकाला टेकून दुसरा, उजेड झेलायला कलता ठेवलेला. बोटं तिथून निघेनात.

"तिसऱ्या..." ते पुटपुटले. मग दारात जमलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला काय विचारता मास्तर? हिला विचारा. माझे डोळे गेल्यापासून गोठा हिचाच आहे. हिचा हात माझ्याहून सरस, हे कधीच कळलं होतं मला. जीभ रेटत नव्हती." ते तिच्या दिशेने वळले. "फार सुंदर झालाय, पोरी."