कांदेनवमीचा टार्ट

भिवाला सकाळपासून बूड टेकवता येत नव्हतं. तो पडवीत बसला, उठला, परसात गेला, तिथे पाऊस होता म्हणून परत आला, पुन्हा बसला आणि आपण कशासाठी बसलो हे आठवेना म्हणून पुन्हा उठला. त्याची आई जनी चुलीपाशी ओली लाकडं फुंकत होती. वर न बघताच ती म्हणाली, "मेल्या, एका जागी ऱ्हा. तुझ्या येरझाऱ्यांनी चूल विझतेय माझी."

"गाडी लवकर आली तर?"

"यष्टी? लवकर?" जनीने फुंकणी खाली ठेवली आणि मुलाकडे काळजीने पाहिलं. पोराला ताप असावा असं तिला वाटलं.

दुपारच्या गाडीने खेडहून पाहुणे येणार होते. काशीराम आणि त्यांची विधवा बहीण तुळसा. यायचं कारण घर बघणे. काशीरामांची मुलगी गुणवंती भिवाच्या मनात भरली होती, आणि मुलगी द्यायच्या आधी मुलाचं घर बघायला येतात, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण काशीराम नुसतं घर बघून जाणारे नव्हते. आयुष्यभर ते बोटीवर भंडारी होते, म्हणजे बोटीवरच्या लोकांचा स्वयंपाक त्यांच्या हातात होता. त्यांनी निरोप धाडला होता, "पोरगा मुंबईच्या मोठ्या हाटेलात कुक हाय म्हणतो ना? मग कांदेनवमीला येतो. कांद्याचा टार्ट करून घाल म्हणावं. मी फ्रान्सात, मार्सेलिस बंदरात खाल्लेला."

कांदेनवमीच का, तर काशीराम घरी बसल्यापासून कडक चातुर्मास पाळत. एकादशीपासून कांदा, लसूण, अंडी, मासळी सगळं बंद. म्हणजे आज-उद्यात नाही तर थेट कार्तिकात, आणि कार्तिकापर्यंत गुणवंतीसाठी खेड तालुक्यातला एखादा कंडक्टर पुढे येईल याबद्दल भिवाला शंका नव्हती.

अडचण एकच होती. भिवा कुक नव्हता.

भिवा हॉटेलात कांदे कापत असे. हॉटेलच्या तळघरात एक खोली होती, तिथे कांद्याची पोती, एक पाट्यासारखी फळी आणि भिवा. कापलेला कांदा तो घमेल्यात भरून एका लहानशा लिफ्टमध्ये ठेवी. घंटी वाजवली की लिफ्ट वर जाई. वर स्वयंपाकघर होतं असं म्हणतात. भिवाने ते पाहिलं नव्हतं. चार वर्षांत त्याला एवढंच समजलं होतं की कांदा कच्चा वर जातो आणि कधीतरी उष्ट्या बशा खाली येतात. एकदा अशाच एका बशीत टार्टचा अर्धा तुकडा आला. भिवाने तो खाल्ला. खाली खुसखुशीत पिठाची वाटी, आत अंड्याचं काहीतरी मऊ, त्यात तपकिरी कांदा, वर चीज. गोड नाही, खारट. त्याला वाटलं, हे तर आपलंच काम. कांदा आपला, बाकी किरकोळ.

मग शिमग्याला तो गावी आला. गुणवंती खालच्या वाडीत मामाकडे आलेली. पालखी नाचत होती, ढोल वाजत होते, आणि भिवाने खाजाची पुडी सोडून चार तुकडे तिच्या हातावर ठेवले. तिने एक खाल्ला, थांबली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वेगळंच लागतंय."

एवढ्या कौतुकाने माणसाचं डोकं फिरतं. "ह्याच्यापेक्षा वेगळं मी रोज करतो," भिवा म्हणाला. "मी कुक हाय. परवाच सायबाला कांद्याचा टार्ट करून घातला."

"माझ्या बापूसला सांगीन," गुणवंती म्हणाली. "पण एक ऐक. त्याला खोटं चालत नाय. आणि वाईट जेवण तर खोट्यापेक्षा पण चालत नाय."

तेव्हा भिवाला ही गंमत वाटली होती. आता पडवीत उभ्या उभ्या त्याला दोन्ही वाटा दिसत होत्या आणि दोन्हींच्या टोकाला काशीराम बसले होते.

घाबरला की माणूस नखं खातो, बिडी ओढतो. भिवाचे हात सुरी शोधत. आणि घरात कांदे होते. नुसते होते असं नाही, त्या दिवशी घरात सगळ्या वाडीचे कांदे होते. कांदेनवमीसाठी वाडीने मिळून हातखंब्याच्या नाक्यावर घाटावरच्या ट्रकातून पोती उतरवून घेतली होती, आणि वाडीत न गळणारी पडवी एकट्या जनीची असल्यामुळे ती तिच्याकडे ठेवली होती. टार्टला कांदे लागणार होते पाचसहा. भिवा बसला आणि कापू लागला. सुरी फळीवर टकटकटक चालली. हात चालले की मन थोडं थांबे, हात थांबले की मन पुन्हा खेडच्या गाडीत जाऊन बसे. म्हणून त्याने हात थांबवले नाहीत.

शेजारचा बाबल्या आपल्या वाट्याचे कांदे न्यायला आला तेव्हा पडवीत कांद्याचा डोंगर झाला होता. बाबल्या नात्याने काका, स्वभावाने वाडीचा रेडिओ. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं.

"कोण गेलं रे?" तो म्हणाला.

"कोण नाय. कांदे कापतोय."

"सगळ्यांचे?"

भिवाने पाहिलं. पोती रिकामी होती. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. चार वर्षांपूर्वीच ते रडून मोकळे झाले होते.

"माझे कुठचे ह्यातले?" बाबल्याने डोळे पुसत विचारलं. "मी जाडे जाडे निवडून बाजूला ठेवलेले."

"काका, मना टार्ट करायचाय."

"होईल रे," बाबल्या म्हणाला. "गेल्या म्हयन्यात आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकलो. आता काय पण होतं."

टार्ट करायला भट्टी लागते. भट्टी नव्हती. पण जनीकडे धोंडसाचं पातेलं होतं. काकडीचा धोंडस करताना खाली निखारे, झाकणावर निखारे, मध्ये पातेलं. "वरून आग, खालून आग, आणखी काय असतं तुझ्या हाटेलात?" जनी म्हणाली. हॉटेलात आणखी काय असतं ते भिवालाही ठाऊक नव्हतं. त्याने मैद्यात लोणी चोळलं, पीठ पातेल्याच्या तळाला आणि कडांना थापलं, त्यात कच्चा कांदा भरला, अंडी नि दूध फेटून ओतलं आणि रत्नागिरीहून आणलेल्या डब्यातलं चीज वर किसलं. दुकानदाराने त्या डब्यावरची धूळ झाडताना विचारलं होतं, "कोण आजारी हाय काय?"

जनीने झाकण ठेवलं, करवंट्यांचे लाल निखारे वर पसरले आणि म्हणाली, "आता जरा बस."

भिवा बसला नाही. तो चुलीभोवती फिरू लागला, मग घराभोवती, मग पावसात पाणंदीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा वळणावर दोन छत्र्या दिसल्या. यष्टी वेळेवर आली होती. एवढ्या वर्षांत न घडलेली गोष्ट आजच घडावी याचं त्याला रडू आलं असतं, पण डोळ्यांची ती सोय राहिली नव्हती.

"आये, आले!"

आणि इथे जनीने जे केलं ते वाडीतल्या कुठल्याही बाईने केलं असतं. घरात पहिल्यांदा रांधलेल्या जिन्नसाचा पहिला घास राखणदाराचा. परसाच्या टोकाला आईनाच्या झाडाखाली बसून जो देव वाडीची राखण करतो त्याचा. पाहुण्याचा पाय उंबऱ्याला लागायच्या आत तो त्याला पोचला पाहिजे, आणि राखणदाराला कडेचं देत नाहीत, मधलं देतात. जनीने निखाऱ्यांसकट झाकण उचललं, उलथणं टार्टच्या बरोबर मध्यात खुपसलं आणि एक गोल तुकडा काढून पानावर घेतला.

"आये!"

"त्याला न देता पावण्याला घालू?"

मधल्या भोकात अंड्याचं दूध चारी बाजूंनी धावत आलं. काठ खचले. कच्चे कांदे तरंगू लागले. होडी बुडताना माणसं वर येतात तसे ते एकेक करून वर आले. जनी पान घेऊन पावसात गेली. भिवा पातेल्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने झाकण पुन्हा ठेवलं.

काशीराम उंबऱ्यात उभे होते. अंगाने वाळके, डोक्याला बोटीवरची लोकरी टोपी. मागे तुळसा, तोंडात दात नाहीत पण जीभ भरपूर. काशीरामांनी घर बघितलं नाही. कौलं बघितली नाहीत, गोठा बघितला नाही. ते पडवीतल्या कांद्याच्या डोंगरापुढे उकिडवे बसले आणि चिमूटभर कांदा उचलून उजेडात धरला. मग ढिगाच्या पोटात हात घालून तिथला थोडा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितले.

"ह्ये कुणी कापलं?"

"मी," भिवा म्हणाला.

"सगळं?"

"व्हय. बसवत नव्हतं म्हणून."

बाबल्या दाराशी येऊन उभा राहिला होता आणि पुन्हा रडत होता. तुळसा पदराने डोळे टिपत होती.

"वरचा नि खालचा सारखाच," काशीराम म्हणाले. "माझ्या हाताखाली बोटीवर एवढी पोरं आली, असा कांदा एकानं कापला नाय. आणि सांगतो, कुठच्या कुकला पण असा येत नाय. त्याला वेळ नसतो. जो दुसरं काय करत नाय, त्याला येतो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "टार्ट दाखव."

भिवाने झाकणाकडे पाहिलं. झाकण काढावं की तोंड उघडावं? तोंड उघडणं त्याला सोपं वाटलं, कारण झाकणाखाली काय आहे ते त्याने पाहिलं होतं.

"काका, मी कुक नाय," तो म्हणाला. "मी खाली बसून कांदे कापतो. ते लिफ्टीत ठेवतो. वर काय करतात ते मना ठाऊक नाय. एकदा कुणाचा उष्टा तुकडा खाल्ला, त्याच्यावरून ह्ये केलंय. आणि आयेनं त्याच्यातलं राखणदाराला दिलंय."

परसातून आत येणारी जनी हातातल्या रिकाम्या पानासकट जागच्या जागी थांबली. आपला मुलगा कुक नाही हे तिला त्याच क्षणी समजत होतं, आणि पाहुण्यांसमोर त्याच्या थोबाडीत द्यावी की चहा टाकावा हे ठरत नव्हतं. तिने चहा टाकला.

काशीराम उठले. स्वतःच झाकण काढून पातेल्यात वाकून बघितलं.

"कांदा कच्चा घातलास?"

"लिफ्टीतून कच्चाच जातो."

काशीरामांच्या खांद्यांना काहीतरी झालं. खोकला असेल असं भिवाला वाटलं. "मेल्या, वर गेल्यावर परततात त्याला. तासभर. मंद आगीवर, गुळासारखा होईस्तोवर." त्यांनी बाह्या सारल्या. "पीठ उरलंय? अंडी?"

"अंडी माझ्याकडची," बाबल्या ओरडला आणि धावला. आपले जाडे कांदे कुठे जातात हे त्याला शेवटपर्यंत बघायचं होतं.

मग त्या घरात काशीरामांची बोट सुरू झाली. जनीला निखारे कमी करायला सांगितलं, तुळसाला लोणी काढायला, भिवाला फक्त कांदा पुढे सरकवायला. कांदा परतता परतता तपकिरी झाला तशी सगळी वाडी वासाने पडवीत जमली. आपापले कांदे कापलेले पाहून आधी भांडण झालं, मग प्रत्येकाने आपला वाटा टोपात भरून घेतला, आणि बायका म्हणाल्या, बरं झालं, भजी करताना रडायचं वाचलं. काशीरामांनी पातेलं रिकामं करून त्यात नवं पीठ थापलं, पत्रावळीचं पान अंथरलं आणि वर मूठमूठ कुळीथ टाकले.

"कांद्यात कुळीथ?" जनी म्हणाली.

"नाय. आधी पीठ भाजायचं. ते फुगू नये म्हणून कुळीथ. मग काढून टाकायचे."

"काढून टाकायचे तर घातले कशाला?"

काशीरामांनी जगातली बंदरं पाहिली होती, पण हा प्रश्न त्यांना कुठेच कुणी विचारला नव्हता.

टार्ट झाला तेव्हा दिवस कलला होता. काठ खुसखुशीत, मध्ये थरथरता. जनीचा हात उलथण्याकडे गेला, पण राखणदाराचं झालं होतं. सगळ्यांना बोटभर तुकडा मिळाला. सगळ्यांनी बोटं चाटली, म्हणजे आवडला. बाबल्या आईनाखाली बघून आला आणि म्हणाला, "भिवाचा टार्ट तसाच हाय. कुत्र्यानं हुंगला नि गेला."

भिवाने आपला तुकडा अर्धाच खाल्ला. टार्ट चांगला होता, पण तो काशीरामांचा होता. निघायची वेळ झाली, छत्र्या उघडल्या, तरी हो नाही की नाही नाही. 'कळवतो' म्हणाले तर संपलं, एवढं त्याला ठाऊक होतं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत होता.

"काका," शेवटी तो म्हणाला, "काय ते सांगा."

"खोटं बोललास," काशीराम म्हणाले. "ते मना आवडलं नाय. मग खरं बोललास, ते पण भीत भीत. उद्या दशमी, कांद्याचा शेवटचा दिवस. खेडला ये. जे मना सांगितलंस ते गुणवंतीला सांग. लिफ्टीसकट. तिनं हो म्हटलं तर माझं हो."

भिवाचं तोंड पडलं. एका माणसासमोर खरं बोलताना निम्मा जीव गेला होता, उरलेला उद्या लागणार होता.

तुळसा पाणंदीत दोन पावलं गेली आणि वळली. "दादा, कशाला पोराला रात्रभर भाजतोस? सांग की."

"तू सांग."

"अरे भिवा, तिला शिमग्यापासून ठाऊक हाय. ते खाजं खाल्लंन् नि घरी येऊन मला बोलली, आत्ये, त्याच्या खाजाला कांद्याचा वास येतो. कुकच्या हाताला शंभर वास असतात, ह्याच्या हाताला एकच. हा कांदे कापतो नि काय नाय. पण चेहरा बरा हाय, बापूसला बोलू नको. मी त्याच राती दादाला बोलले."

"मग आत्या, आज हे सगळं..."

"तिच्या बापूसला टार्ट खायचा होता," तुळसा म्हणाली. काशीराम आभाळाकडे बघत होते. "आणि उद्या येशील तेव्हा हात घासून घासून धुऊ नको. पोरीला ओळख पटायला हवी."