तोवादाच्या पाण्यावरचा कागद

अमेरिकेत, चँडलरच्या उन्हात, ऑक्टोबरातही एसी घरघरत होता, आणि नववा महिना लागलेली प्रणिता सोफ्यावर पाय वर घेऊन साऱ्या जगावर चिडून बसली होती. तेवढ्यात जपानहून नवऱ्याचा, धर्मराजचा फोन आला.

"प्रणू, मी तळ्यावर आलोय. तोवादा. काय सीन आहे यार, तू असायला हवी होतीस!"

झालं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा! मी इथे सुजलेले पाय घेऊन बसलेय आणि तू पिकनिक करतोयस?"

पिकनिक कसली डोंबलाची! बिचारा गेला होता आठवड्यापुरता, तिथल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मशीन बसवायला. अमेरिकेत परतायचा जुना व्हिसा अजून दीड महिना चालत होता. पण प्रणितालाच दुर्बुद्धी सुचली. "जातोच आहेस तर व्हिसाचं नवीन स्टॅम्पिंगही करून ये. बाळाला घेऊन नागपूरला जाताना कटकट नको." त्याने मान डोलावली, तिथल्या अमेरिकन वकिलातीत पासपोर्ट जमा केला आणि जो अडकला तो अडकलाच. नावाची तपासणी चालू आहे म्हणे. किती दिवस? सांगता येत नाही. कंपनीचा वकील तेच सांगे, फोनवरची बाई तेच सांगे. पासपोर्टच हातात नाही म्हटल्यावर माणूस जाणार कुठे? महिना झाला. शेवटी कारखान्यातल्या लोकांनाच दया आली आणि सुट्टीच्या दिवशी त्यांनी त्याला गाडीत घालून या तळ्याकडे नेलं.

हे सगळं प्रणिताला ठाऊक होतं. राग त्याच्यावर नव्हताच, स्वतःच्या जिभेवर होता.

"बरं, सांग," ती नरमली. "कसंय?"

धर्मराज सांगत सुटला. ज्वालामुखीच्या तोंडात पाणी साठून झालेलं तळं, निळंशार, खोलच खोल. भोवतीचं रान लाल-पिवळं झालेलं. आणि एवढ्या पाण्याला बाहेर पडायला वाट एकच, ओइरासे नावाचा ओढा. शेवाळलेल्या दगडांवरून उड्या मारत जंगलातून जातो. सकाळी त्याच्याच काठाने तो तळ्यापर्यंत चालत आला होता.

"आणि गंमत ऐक. ओढ्याच्या तोंडाशी गेट आहे. पाणी किती सोडायचं ते माणसं ठरवतात. इथे पाण्यालासुद्धा परवानगी लागते बघ."

तो हसला. प्रणिताला हसू आलं नाही.

"आणखी एक..." तो अडखळला. "इथे एक रीत आहे. देवळातून कागद घ्यायचा, मनात इच्छा धरायची आणि कागदाला पीळ देऊन तळ्यात टाकायचा. बुडाला तर इच्छा पुरी होते."

"तू टाकलास?"

शेजाऱ्याने नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, तर त्याला बावीस प्रतिज्ञा ऐकवणारा हा माणूस! एरवी तिने वर्षभर चिडवलं असतं. आज तिच्या तोंडून एवढंच निघालं, "बुडाला?"



"काठाला येऊन लागलाय परत. बुडेल गं. भिजला की बुडेल."

"धर्मा, तू ये ना. काहीही कर, पण ये."

"काय करू, सांग? मी काय करू?" आणि फोनचं कार्ड संपलं.

दोन दिवसांनी दुपारी कळा सुरू झाल्या. शेजारच्या प्रितमने गाडी काढली. त्याची आई, रत्नामावशी, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेली. इंग्रजी म्हणाल तर थँक्यूच्या पुढे नाही. पण ती हॉस्पिटलात थेट बाळंतपणाच्या खोलीपर्यंत आली आणि तिने प्रणिताचा हात सोडला नाही. "काहून घाबरून राहिली पोरी? मी आहे ना!"

मधल्या वेळात प्रणिताने धर्मराजच्या हॉटेलला फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने जपानीत काहीतरी बोलत होता. ती कळ सोसत "धर्मराज! धर्मराज!" ओरडत राहिली. त्याने आणखी अदबीने फोन ठेवला.

मुलगी झाली. काळ्याभोर केसांची, बापाचंच नाक घेऊन आलेली. नर्सने सारख्या नंबरचे तीन प्लॅस्टिकचे पट्टे आणले. एक बाळाच्या पायात घातला, एक प्रणिताच्या मनगटात. तिसरा हातात धरून ती हसत म्हणाली, "अँड व्हेअर इज डॅडी?"

नर्सने समजावलं: नर्सरीतून बाळाला घेऊन यायचं तर हा पट्टा हवाच, कोणाच्या तरी हातात घालायलाच हवा. प्रणिताने मावशीकडे बोट दाखवलं. मावशीने बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. पट्टा कट्कन बसला.

प्रणिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"रडू नको, बाई," मावशी बावरून म्हणाली. "मी काय कायमचा घालून बसते का? धर्मराज आला की काढून त्याच्या हातात घालून देईन."

"तो काढता येत नाही, मावशी," प्रणिता म्हणाली. "कापावाच लागतो."