दोन-दोन वर्षांचा मुक्काम

आमच्या घरात कमावती बायको आहे आणि 'अहो' मात्र मी आहे. परदेशातली नोकरी तिला मिळाली, कामाचा परवाना तिच्या नावावर निघाला आणि मी लेकीला कडेवर घेऊन तिच्यामागून आलो. कागदोपत्री मी 'आश्रित'. आश्रिताने नोकरी करायची नाही, धंदा करायचा नाही, शिकवण्यासुद्धा घ्यायच्या नाहीत. म्हणून मी स्वयंपाक करतो, कपडे वाळत घालतो आणि उरलेल्या वेळात चिडतो. चिडायला परवाना लागत नाही.

बायको कृत्रिम पाय बनवते. मधुमेहाने नाहीतर अपघातात पाय गेलेली माणसं तिच्या कार्यशाळेत येतात. उरलेल्या पायाला ती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळते, साचा काढते आणि त्यावरून नव्या पायाची खोबण, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, तयार करते. खोबण नीट बसली तर माणूस चालायला लागतो. चुकली तर कातडी सोलवटते, जखम चिघळते, आणि कधीकधी आणखी वर कापायची वेळ येते. "शिवलेलं कापड उसवता तरी येतं," ती म्हणते, "इथे उसवायला काही नसतं."

आलो तेव्हा दोनच वर्षांसाठी आलो होतो. मग आणखी दोन, मग आणखी दोन. असं करत लेक कडेवरून उतरली, शाळेत गेली आणि माझ्यापेक्षा उंच झाली. आमचं मात्र विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. भिंतीला खिळा ठोकला नाही. मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांची रिकामी खोकी कपाटावर रचून ठेवलेली, जायची वेळ आली तर भरायला. पाहुणे हसायचे. मी म्हणायचो, हसा, पण धक्का लावू नका, डोक्यावर पडतील.

कायमचं राहण्याचा अर्ज करता येत होता, नाही असं नाही. पण तो केला की निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जाता येत नसे. पहिल्या वेळी माझ्या आईचं ऑपरेशन होतं. पुढच्या वेळी सासरे अंथरुणाला खिळले होते, आणि बापाचं तोंड बघायला जाऊ नको असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? त्यानंतर कार्यशाळेचा मालक बदलला. तेव्हा आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "नूतनीकरण होतंय ना? मग आत्ता काही हलवू नका. गेल्या वेळी जे लिहिलं तेच लिहा."

आम्ही तेच लिहिलं. बायको अख्खी कार्यशाळा चालवायला लागली तरी परवान्यावर ती पहिल्या दिवसासारखी 'साहाय्यक'च राहिली, कारण हुद्दा बदलला की चौकशी होते. इतकी वर्षं ठेवून घेतलंय तर आता कोण कशाला काढेल, असं आम्ही धरून चाललो होतो. परवान्याची वर्षं साठत नाहीत, दर वेळी पाटी कोरी होते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मग एके दिवशी नियम बदलला. साहाय्यकांना कायमचं राहण्याची सोय बंद. नूतनीकरण तेवढं उरलं, तेही एका अटीवर: हे काम करणारं इथलं माणूस मिळत नसेल तरच.

एकच नूतनीकरण आणखी हवं होतं. लेकीची शाळेची शेवटची परीक्षा पुढच्या वर्षी होती. लहानपणापासून इथेच शिकून ती परीक्षा दिलेल्या मुलांना स्वतःच्या नावाने इथे राहता येतं, पुढे शिकता येतं, कुणाचं आश्रित व्हावं लागत नाही. आमचं काय व्हायचं ते होऊ दे, पोरगी मार्गी लागली असती. परीक्षेआधी निघावं लागलं तर तिचं इथलं सगळं शिक्षण अर्धवट, आणि तिकडे पहिल्यापासून सुरुवात, तीही ज्या भाषेत ती फक्त आजीशी फोनवर बोलते त्या भाषेत.

आता मुद्द्याचं. हे काम करणारं इथलं माणूस मिळत होतं. माझ्याच बायकोने ते तयार केलं होतं.

कार्यशाळेत रिसेप्शनला एक बाई होती. चाळिशीची, इथलीच, घरी एकटी. फोन घ्यायचे, पेशंटना खुर्ची द्यायची, एवढंच तिचं काम. पण जेवणाच्या सुट्टीत ती आत येऊन बघत उभी राहायची. बायकोने तिच्या हातात पट्टी दिली. पुढे साचा काढायला शिकवलं, तो घासून गुळगुळीत करायला शिकवलं. मी चिडवायचो, "पगार एकीचा आणि शाळा फुकटची." बायको म्हणायची, "अहो, माणसं पायासाठी ताटकळतात आणि माझे हात दोनच आहेत." ती बाई बायकोला 'ताई' म्हणायला लागली, लेकीच्या वाढदिवसाला घरी यायला लागली.

परवाना कार्यालयाचे साहेब कार्यशाळा बघायला येणार असं कळलं, तेव्हा रिसेप्शनवालीच आमच्या घरी आली. "ताई, मी हे काम शिकतेय हे त्यांना कळलंय, ते मला करून दाखवायला सांगतील. मी मुद्दाम गबाळ्यासारखं करीन. तुम्ही फक्त गप्प बसा."

"पेशंटवर?" बायकोने विचारलं.

"साचाच तर आहे," मी मध्ये पडलो. "साहेब गेले की तो पडू दे कोपऱ्यात, तू दुसरा काढ. त्यात कुणाचं काय जातंय?"

बायको बराच वेळ नखांतलं प्लास्टर काढत बसली. शेवटी "बरं" म्हणाली. लेक दाराशी उभी होती. तिने आईच्या गळ्यात हात टाकले.

त्या दिवशी मी डबा द्यायच्या निमित्ताने गेलो आणि अर्धवट उघड्या काचेच्या दाराबाहेर बाकावर बसलो. आत साहेब होते, मऊ आवाजाचे, सभ्य. राक्षस असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी मनापासून देता आल्या असत्या. खुर्चीत एक म्हातारा गवंडी होता. पायाची जखम नुकतीच भरली होती, त्यामुळे पहिलाच साचा. त्याला आमच्या नाटकाची कल्पना नव्हती.

रिसेप्शनवालीने ठरल्याप्रमाणे घोळ घालायला सुरुवात केली. पट्टी जास्त भिजवली, तिरकी गुंडाळली, मग सोडून पुन्हा आवळली. साहेब बघत होते. माझा जीव भांड्यात पडायला लागला. तेवढ्यात तिने भलत्याच जागी बोट दाबलं आणि गवंड्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हातारा ओरडला नाही. नुसते डोळे मिटून घेतले आणि ओठ चावला.

"अंगठे!" बायको ओरडली. "वाटीखाली अंगठे! किती वेळा सांगितलं तुला!"

आणि त्या बाईचे हात आपोआप हलले. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही बाजूंना दोन अंगठे, बाकीची बोटं मागे, दाब अगदी हवा तेवढा. प्लास्टर घट्ट होईपर्यंत ती तशीच स्थिर धरून बसली. गवंड्याने डोळे उघडले. साचा निघाला तो एकदम चोख. तो हातात घेऊन ती रडत होती, आणि साहेबांना वाटलं, पहिलं यश म्हणून रडतेय.

"फार छान शिकवलंय तुम्ही," साहेब बायकोला म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

गुरूची विद्या गुरूला फळली, ती अशी.

नकार आला. कार्यशाळेला इथलं माणूस उपलब्ध आहे, सबब परवान्याची गरज नाही. रिसेप्शनवाली लगेच मालकाकडे गेली आणि म्हणाली, मी नोकरी सोडते, मग तर जागा रिकामी होईल? आम्ही वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्याने काही फरक पडत नाही, हे काम इथल्या माणसाला शिकवता येतं हे आता सिद्ध झालंय. दाद मागता येईल का? येईल, पण देशाबाहेर जाऊन. आणि परीक्षा? परीक्षेला इथला परवाना लागतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या संध्याकाळी मी बायकोला नाही नाही ते बोललो. "एक मिनिट तोंड बंद ठेवता आलं नाही तुला? एक मिनिट?"

"त्यांना दुखत होतं हो," ती म्हणाली. "नवी कातडी होती. फाटली असती."

"आणि हिचं काय फाटलंय ते दिसत नाही तुला?"

लेक तिथेच होती. त्यानंतर ती आईशी बोललीच नाही. समोर ठेवलेलं जेवायची, विचारलेल्याला मानेने उत्तर द्यायची. मैत्रिणींना तिने काय सांगितलं, कुणास ठाऊक. मी तिच्या दाराबाहेर जाऊन उभा राहायचो आणि परत यायचो. बाप म्हणून सांगायचं तरी काय? सगळं ठीक होईल, हे वाक्य दर दोन वर्षांनी मीच वापरून संपवलं होतं. मला बायकोचा राग येत होता आणि तिचं चुकलं असंही म्हणवत नव्हतं. माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि इतकी वर्षं ते नव्हतंच, हेही मला आत्ताच कळत होतं.

बायकोच्या शेवटच्या दिवशी तिचं सामान आणायला मी लेकीला बरोबर नेलं. नेमका गवंडी आला होता, नवा पाय चढवायला. बायकोने पाय बसवला, पट्टा आवळला आणि आधाराच्या दोन दांड्यांमध्ये त्याला उभं केलं. म्हातारा एक पाऊल टाकायचा, थांबायचा, आमच्याकडे बघून हसायचा. मग त्याने एक हात सोडला. मग दुसराही सोडला आणि भिंतीपर्यंत जाऊन परत आला. बायको जमिनीवर बसली, पाय काढून वाटीखाली कुठे लाल झालंय का ते बघितलं, पुन्हा चढवला.

"एकदम माझाच आहे," गवंडी म्हणाला. "बाई, पुढच्या वर्षी खोबण बदलायला येईन तेव्हा तुम्हीच बघायचं हं. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

बायकोने होकाराची मान हलवली. रिसेप्शनवाली तोंड फिरवून उभी राहिली.

माझ्या शेजारून लेक पुढे झाली. गवंड्याच्या पायाकडे बघत तिने विचारलं, "दुखत नाही ना?"

"नाही गं पोरी. अजिबात नाही."

"मग ठीक आहे," लेक म्हणाली आणि आईकडे न बघता बाहेर गेली. बायको तशीच जमिनीवर बसून राहिली. मी पिशव्या उचलायच्या सोडून नुसता उभा राहिलो.