पहिल्या मालकाची सही

"चार जणांनी फिरवलेली गाडी, आणि अजून पहिल्याच माणसाच्या नावावर?" वाहन कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मधले तिघं काय झोपले होते?"

यावर बाबांनी खिडकीच्या चौकटीचं निरीक्षण सुरू केलं. माझे बाबा फ्रिज दुरुस्त करतात. नुसत्या घरघरीवरून ते फ्रिजच्या पोटात कुठे दुखतंय ते सांगतात, पण माणसासमोर उभं राहिलं की त्यांचाच गॅस संपतो. म्हणून हल्ली बोलायचं खातं माझ्याकडे आहे. गेल्या वर्षीपर्यंत मीसुद्धा वर्गात 'हजर' म्हणताना लाल व्हायचे. मग एकदा वादविवाद स्पर्धेत आयत्या वेळी उभं राहावं लागलं, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो असा शोध लागला, आणि तेव्हापासून मी तो वापरायची एकही संधी सोडत नाही.

"मॅडम, मग आता काय करायचं?"

"पहिला मालक शोधायचा. त्याने इथे, माझ्यासमोर सही करायची. गाडीच्या पुस्तकातल्या सहीशी जुळली पाहिजे."

"आणि नाही सापडला तर?"

"तर ज्याची गाडी आहे त्याचीच राहील. पुढचे!"

प्रकार असा होता. अठरा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात राबल्यावर बाबांना पहिल्यांदा स्वतःच्या नावावर मोठं काम मिळत होतं: शहरातल्या अकरा रक्तपेढ्यांचे फ्रिज सांभाळायचं. रक्ताचा फ्रिज बंद पडला तर तासाभरात पोचायला हवं, म्हणून त्यांची अट होती की वाहन स्वतःचं हवं आणि कागदोपत्री स्वतःच्या नावावर हवं. पुढच्या सोमवारी कागद दाखवायचे, नाहीतर काम दुसऱ्याला. बाबांनी त्यासाठीच ही जुनी मोटरसायकल घेतली होती.

"घेताना कागद नको का बघायला?" आईने घरी विचारलं.

"होते ना कागद."

"होते म्हणजे? वाचलेस?"

"छान प्लास्टिकच्या पिशवीत होते," बाबा म्हणाले.

त्या पिशवीत पहिल्या मालकाने सही करून दिलेला एक कोरा फॉर्म होता. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. प्रत्येकाने तो 'पुढचा भरेल' म्हणून पुढच्याला दिला होता. पोळ्यांच्या डब्यात शेवटची पोळी जशी सगळे एकमेकांसाठी ठेवतात आणि ती वाळून जाते, तसं त्या फॉर्मचं झालं होतं.

मी शंभर पानी वही घेतली आणि वर लिहिलं: 'गाडीचा तपास'. सगळ्यात मोठं कोडं गाडीवरच होतं. मागे बसणाऱ्याच्या पायाखालचा उजवा फूटरेस्ट डाव्यापेक्षा चार बोटं वर होता. वेल्डिंग करून मुद्दाम बसवलेला. ज्याने बाबांना गाडी विकली तो फोटोग्राफर म्हणाला, "अपघातात वाकला असेल." त्याला विकणारा पोहण्याचा मास्तर म्हणाला, "छे गं, मला वाटतं तिथे कॅन अडकवत असतील." त्याच्याही आधीचा ड्रायव्हिंग शाळेचा मालक मात्र हसला. "ते मी विचारलं होतं. तो म्हणाला, हिशेबाने बसवलंय, हलवू नका. काटेकाका म्हणायचे त्याला. दुकानांतले तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचा. जुन्या बाजाराच्या मागे बघ, असेल तर."

काटेकाका होते. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मी आणि बाबा गेलो तेव्हा दार उघडलं ते त्यांच्या मुलीने. पस्तिशीची असेल, औषधांच्या दुकानातून नुकतीच आलेली, गळ्यात अजून ओळखपत्र. ती आत वळली तेव्हा मला तिचा उजवा बूट दिसला. त्याचा तळवा चांगला जाड होता, विटेएवढा. मी वही उघडली, 'अपघात' आणि 'कॅन' दोन्हीवर काट मारली आणि वही मिटली.

तिने ओळखलं. "फूटरेस्ट बघितलास वाटतं," ती म्हणाली. "लहानपणी माझा पाय लोंबकळायचा, मुंग्या यायच्या. अप्पांनी मला घरातल्या काट्यावर... अगं, खरंच काट्यावर बसवलं, पाय मोजले, आणि मग वेल्डिंग. मी उंच झाले की परत काढायचं, परत खाली बसवायचं. पाच वेळा."

"सहा," आतून आवाज आला.

काटेकाका खिडकीशी बसले होते. भिंतीवर पितळी वजनं उतरत्या क्रमाने, घासून लख्ख. मुलीने त्यांना पाणी दिलं तर पेला अर्धाच भरलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला तेव्हा कळलं का ते. दोन्ही हात थरथरत होते. पाणी काठापर्यंत चढायचं, परत उतरायचं. अर्ध्याच्या वर असतं तर सांडलं असतं. हेही हिशेबानेच होतं.

बाबांनी मला कोपर मारलं. मी सगळं सांगितलं: रक्तपेढ्या, सोमवार, खिडकीतल्या बाई.

"सही ना? देऊ की," काटेकाका म्हणाले. "ज्या काट्यावर माझी सही त्याच्यावर बाजार डोळे मिटून विश्वास ठेवायचा. दाखव पुस्तक."

मी गाडीचं पुस्तक पुढे केलं. एकोणीस नव्हे, सव्वीस वर्षांपूर्वीची सही. छापल्यासारखी. शेवटच्या अक्षराखाली एक सरळ रेघ, पट्टी लावून ओढल्यासारखी. काकांनी माझ्या वहीवर सही करून पाहिली. पायांना शाई लागलेली मुंगी पानभर फिरावी तसं काहीतरी झालं होतं.

"अप्पा, तिथे अंगठाही चालतो," मुलगी हळूच म्हणाली.

"अंगठा नाही." आवाज हाताइतका थरथरत नव्हता. "माझी आई अंगठा द्यायची. दुकानदार तिचा हात धरून शाईत दाबायचे, आणि ती गेली की हसायचे. मी दुसरीत होतो तेव्हा तिला सही शिकवली. चुलीजवळ बसून, राखेत. त्यानंतर आमच्या घरातून अंगठा गेला तो गेला."

मग ते बाबांकडे बघून म्हणाले, "शनिवारपर्यंत वेळ आहे ना? करतो मी तयारी."

मंगळवार ते शुक्रवार मी शाळा सुटली की तिथे. माझं काम कागद घट्ट धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं. दुसरं जास्त कठीण होतं. काका भिंतीवरचं वजन फडक्यात गुंडाळून मनगटाला बांधायचे. जडपणाने हात जरा शांत व्हायचा, पण वजन घसरायचं. घसरणार नाही असं बरोबर दोनशे ग्रॅमचं काहीतरी हवं, असं काका म्हणाले. हे मी घरी सांगितलं तर बाबा काही न बोलता उठले, तांब्याच्या नळीचे तुकडे कापले, पट्ट्यात एकाशेजारी एक ओवले, आत कापूस भरला. दुसऱ्या दिवशी तो मनगटपट्टा त्यांनी स्वतः काकांपुढे ठेवला.

काकांनी तो आधी तराजूत टाकला.

"दोनशे दहा," ते म्हणाले. "मी दोनशे सांगितलं होतं."

"कापूस धरला नव्हता मी," बाबा ओशाळले.

"फ्रिजवाले, कापसालाही वजन असतं बरं."

बाबा हसले. अनोळखी घरात बाबा हसताना मी पहिल्यांदा बघत होते. मग दोघांनी मिळून दहा ग्रॅमची नळी कापून काढली आणि त्यावर अर्धा तास अशी चर्चा केली की जणू देशाचा अर्थसंकल्प मांडताहेत. निघताना काका जिन्यापर्यंत आले. खाली उभ्या असलेल्या गाडीकडे वाकून बघत म्हणाले, "उजवीकडे ओढते का अजून?"

"थोडी," बाबा म्हणाले. "मी तशीच ठेवलीय. सवय झालीय तिला."

शुक्रवारी दहातल्या सात सह्या जमल्या. मी उड्या मारल्या. काकांनी मात्र न जमलेल्या तीनच वेगळ्या काढून बराच वेळ पाहिल्या.

शनिवारी कार्यालय एक वाजता बंद होतं. काका पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशाला पेन, मनगटाला पट्टा. त्यांच्याबरोबर मुलगी. रांगेत त्यांनी बसायला नकार दिला, त्यामुळे आम्हा तिघांनाही उभं राहावं लागलं. आमचा नंबर लागला तेव्हा बारा चाळीस झाले होते.

"सापडले वाटतं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. फॉर्म पुढे सरकवला. "इथे करा, आजोबा. सावकाश."

सुरुवातीची अक्षरं सुरेख आली, छापल्यासारखी. मग मागे कुणाचा तरी फोन वाजला, काकांचं लक्ष उडालं, आणि शेवटची रेघ खाली घसरली ती थेट पुढच्या रकान्यात. बाईंनी पुस्तक शेजारी धरलं. मान हलवली. दुसरा फॉर्म दिला. आता काका घाई करू लागले, आणि घाई झाली की त्यांचा हात जास्तच पळायचा. दुसरी पहिलीपेक्षा वाईट. तिसऱ्या फॉर्मला पेनाने कागदच फाटला.

"मॅडम, अहो, काल सात जमल्या होत्या!" मी म्हणाले. "माझ्या वहीत आहेत, दाखवू?"

"वहीवर गाडी होत नाही नावावर, बाळ." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, नवीन सहीचं प्रतिज्ञापत्र करायचं तर तीन आठवडे. आजच्या आज हवं असेल तर अंगठा. दोन साक्षीदार लागतील."

काका समोर बघत उभे होते. कानाच्या पाळ्या लाल. मागची रांग चुळबुळत होती. कुणीतरी म्हणालं, "द्या की अंगठा, काय फरक पडतो!"

आणि तेव्हा बाबा बोलले. मी नाही, बाबा.

"फरक पडतो," ते मागे वळून म्हणाले. मग काकांकडे. "काका, चला. राहू दे. हे काम गेलं तर दुसरं बघू. मी अजून एखादं वर्ष दुकानात काढीन, त्यात काय. तुमची सही या कागदासाठी नाही."

इतकं लांब वाक्य बाबांनी एका दमात बोललेलं मला आठवत नाही. त्यांनी फाटलेला फॉर्म उचलून नीट घडी करायला घेतला. त्यांना ते काम किती हवं होतं हे मला माहीत होतं. गेले दहा दिवस ते अकरा रक्तपेढ्यांची नावं झोपेतसुद्धा ओळीने म्हणत होते.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ, तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघतात तसं. मग मनगटाचा पट्टा सोडला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "शाईचा डबा कुठाय?"

"अप्पा," मुलीने त्यांचा दंड धरला.

"सोड. माझा हात कुणी धरायचा नाही. मी लावतो."

साक्षीदार म्हणून मुलीने सही केली, दुसरी फाटकाशी बसून फॉर्म भरून देणाऱ्या गृहस्थांनी. मला अठरा पूर्ण नाहीत म्हणून मला करता आली नाही, आणि हा अन्याय मी विसरणार नाही. काकांनी अंगठा शाईत टेकवला, कागदावर ठेवला. हात थरथरत होता तरी ठसा एकदम स्वच्छ उमटला, प्रत्येक रेघ वेगळी. बाईंनी शिक्का मारला. एकला पाच कमी होते. त्यांनी अंगठा पुसायला खिडकीतून एक फडकं पुढे केलं. शंभर माणसांची शाई लागलेलं. काकांनी 'नको' म्हणून मान हलवली.

बाहेर बाबांनी गाडी काढली आणि काकांना मागे बसवलं. सव्वीस वर्षांत ते या गाडीवर मागे कधीच बसले नव्हते. मी आणि ताई, म्हणजे काकांची मुलगी, बसने निघालो. ताई खिडकीशी बसून गाडी दिसते का बघत होती. मी तोंड बंद ठेवलं, मुद्दाम.

चौकात आमच्या बसने त्यांना मागे टाकलं. बाबा इतके हळू चालवत होते की सायकलवालेसुद्धा पुढे जात होते. काकांनी डावा हात बाबांच्या खांद्यावर घट्ट ठेवला होता. उजवा हात बाजूला, हवेत, शर्टापासून लांब धरलेला. तो थरथरत होता, पण अंगठा त्यांनी शर्टाला लागू दिला नव्हता.